स्मॅश ब्रदर्समधले अनोळखी चेहरे : कुठले, कोणाचे आणि तिथे का?

प्रश्न असा आहे : वेगवेगळ्या गेममधली पात्रं एकमेकांशी लढवणारा निन्टेंडोचा ‘सुपर स्मॅश ब्रदर्स अल्टिमेट’ खेळताना मारिओ, लिंक, पिकाचू सगळ्यांना ओळखता येतात. पण मधेच एक काळा, कागदासारखा सपाट माणूस येतो. कधी शिंगांचा सैतान येतो आणि सगळा पडदाच हलायला लागतो. एक पोरगा डोक्यावर फुगे बांधून उडतो. हे सगळे कुठल्या गेममधले? त्या मूळ मालिका शोधून खेळण्यासारख्या आहेत, की ही नुसती सजावट आहे?

मी गेममधल्या लढतींची रचना करते. कोणती मूव्ह किती वेगाने यावी, फटका कुठे लागावा, चुकल्यावर किती वेळ उघडं पडावं, हे ठरवणं माझं रोजचं काम. त्यामुळे या पाहुण्यांकडे मी कामाच्या नजरेने बघते, आणि त्या नजरेने एक गोष्ट पक्की दिसते. स्मॅशमध्ये जुना गेम येतो तो स्वतःचा नियम बरोबर घेऊन येतो. म्हणून ओळख पटवायची असेल तर चेहऱ्यापेक्षा तो पाहुणा काय करतो ते बघा. नियम कळला की मूळ गेम अर्धा तिथेच कळतो.

सुरुवात त्या काळ्या सपाट माणसापासून करू, कारण त्याच्यात सगळ्यात जास्त ऐवज भरलेला आहे.

त्याचं नाव मिस्टर गेम अँड वॉच. मुळात हे एका पात्राचं नाव नव्हतंच. १९८० साली निन्टेंडोने ‘गेम अँड वॉच’ नावाने खिशात मावणारी यंत्रं काढायला सुरुवात केली. एका यंत्रात एकच गेम आणि कोपऱ्यात घड्याळ. पहिला गेम होता ‘बॉल’. ही कल्पना गुनपेई योकोइ यांची. नवं, महाग तंत्रज्ञान घेण्याऐवजी मुरलेलं, स्वस्त झालेलं तंत्र वेगळ्या अंगाने वापरायचं, ही त्यांची कामाची पद्धत. इथे त्यांनी कॅल्क्युलेटरची एलसीडी काच घेतली. त्या काचेवर प्रत्येक आकृती तिच्या जागी आधीच कोरलेली असते. वीज मिळाली की ती दिसते, नाही मिळाली की लपते. माणूस डावीकडून उजवीकडे जातो म्हणजे पहिली आकृती विझते आणि दुसरी पेटते. मधली हालचाल अस्तित्वातच नसते.

आता स्मॅशमध्ये त्याला चालवून बघा. तो सरकत नाही, टप्प्याटप्प्याने उड्या मारल्यासारखा एका पवित्र्यातून दुसऱ्यात जातो. बाकीचे फायटर लोण्यासारखे फिरत असताना हा एकटा तुटक हलतो, आणि प्रत्येक हालचालीला तो बारीक ‘पिप’ आवाज. अ‍ॅनिमेशनच्या भाषेत ही कमतरता म्हणता येईल, पण ती जाणूनबुजून जपलेली आहे. लढतीतही तिचा परिणाम होतो : समोरच्याला त्याचा फटका येण्याआधीची तयारी दिसतच नाही, कारण तयारीची चित्रंच नाहीत. काचेची मर्यादा पुढे लढतीतली ताकद झाली.

त्याच्या मूव्ह म्हणजे तर एकेक यंत्र आहे. तव्यातून सॉसेज उडवणारा तो १९८१ च्या ‘शेफ’मधला. वर उडताना खाली दोन माणसं झोळी धरून उभी राहतात, ती १९८० च्या ‘फायर’मधली, तिथे जळत्या इमारतीतून उड्या टाकणाऱ्यांना झेलायचं असे. हातोडी मारताना डोक्यावर एक ते नऊ यांपैकी आकडा येतो, तो ‘जज’मधला. मूळ ‘जज’मध्ये समोरासमोरच्या दोघांनी आकडे दाखवायचे, मोठा आकडा असणाऱ्याने हाणायचं आणि लहान असणाऱ्याने पळायचं. स्मॅशमध्ये नऊ आला की समोरचा थेट मैदानाबाहेर जाऊ शकतो आणि एक आला तर उलट आपल्यालाच इजा होते. खेळ नशिबाचा आहे, पण तो मूळचाच तसा आहे.

माझी आवडती मात्र बादली. १९८२ च्या ‘ऑइल पॅनिक’मध्ये वरच्या पाइपातून तेल गळतं आणि आपण बादली घेऊन ते झेलायचं. बादलीत तीनच थेंब मावतात. तीन झाले की खिडकीतून खाली ओतायचं, खाली पिंप घेऊन उभा असलेला माणूस नेमका तिथे असला तर ठीक, नाहीतर ते गिऱ्हाइकांच्या डोक्यावर. (दोन पडद्यांचं हे पहिलं गेम अँड वॉच. पुढच्या निन्टेंडो डीएस या दोन पडद्यांच्या यंत्राचं मूळ इथे आहे.) स्मॅशमध्ये तो बादली पुढे धरतो आणि अंगावर येणारे आगीचे, ऊर्जेचे गोळे त्यात झेलतो. किती? तीनच. तिसरा भरला की तो सगळा ऐवज एकदम समोरच्यावर ओततो, आणि जितके जबर गोळे झेलले असतील तितका तो फटका जबर. जोडीच्या सामन्यात मुरलेले खेळाडू काय करतात, तर जोडीदारच आपले गोळे टाकून बादली भरून देतो. मूळ गेममधलं ‘झेल, साठव, योग्य क्षणी ओत’ हे तीन पायऱ्यांचं गणित जसंच्या तसं लढतीत आलं आहे. लढतीची रचना शिकणाऱ्या मुलांना मी हीच मूव्ह आधी दाखवते.

एक गोष्ट इथेच सांगायला हवी. २०१८ मध्ये अल्टिमेट येण्याच्या तोंडावर लक्षात आलं की १९८२ च्या ‘फायर अटॅक’वरून घेतलेल्या एका मूव्हमध्ये या आकृतीच्या डोक्याला पीस लावलेलं आहे, मूळ अमेरिकन लोकांच्या ठोकळेबाज, अपमानकारक चित्रणातलं. निन्टेंडोने माफी मागितली आणि ते पीस काढून टाकलं. मला हे योग्य वाटतं. जुन्या गेमचा नियम जपणं वेगळं आणि त्या काळातला दुराग्रह जपणं वेगळं. पीस गेलं तरी मशालीचा फटका तसाच राहिला, मूव्हचं काही बिघडलं नाही.

आता तो सैतान. हा ‘डेव्हिल वर्ल्ड’मधला, फॅमिकॉम या निन्टेंडोच्या टीव्हीला जोडायच्या यंत्रावर १९८४ साली आलेला शिगेरू मियामोतो यांचा गेम. पॅकमॅनसारखा चक्रव्यूह आहे, त्यात तामागोन नावाचा हिरवा छोटा ड्रॅगन ठिपके खात फिरतो. पण पडद्याच्या वरच्या बाजूला सैतान उभा असतो आणि तो हात करेल त्या दिशेला सगळा चक्रव्यूह सरकतो. भिंत आणि सरकणारी कड यांच्या मधे सापडलात तर चिरडलात. हातात क्रूस असल्याशिवाय ठिपके खाता येत नाहीत आणि आगही ओकता येत नाही, दुसऱ्या टप्प्यात तर बायबल गोळा करून आणायची असतात. धार्मिक चिन्हं गेममध्ये नकोत असं निन्टेंडोच्या अमेरिकी शाखेचं तेव्हा धोरण होतं, त्यामुळे हा गेम त्या काळी उत्तर अमेरिकेत निघालाच नाही. युरोपात १९८७ मध्ये निघाला.

स्मॅशमध्ये हा सैतान असिस्ट ट्रॉफीतून, म्हणजे लढतीत उचलली की मदतनीस बोलावणाऱ्या वस्तूतून येतो, २००८ च्या ‘ब्रॉल’ या भागापासून. तो कुणाला मारत नाही. हात दाखवतो आणि पडद्याची चौकट त्या बाजूला ढकलतो. स्मॅशमध्ये कडेबाहेर गेलं की जीव जातो, त्यामुळे कालपर्यंत सुरक्षित असलेली जागा अचानक मरणाची होते. डावीकडे उभे असलात आणि चौकट उजवीकडे सरकायला लागली, तर समोरच्याशी लढायचं सोडून आधी धावत सुटावं लागतं, आणि ज्याने त्याला बोलावलं त्यालाही मोकळीक नाही. १९८४ च्या खेळाडूला जी घालमेल होत असे, तीच. एखाद्या गेमची आठवण याहून नेमकी कशी करून देता येईल, मला सुचत नाही. अमेरिकेतल्या मुलांना तर मूळ गेम तेव्हा मिळालाच नव्हता, त्यांनी हा नियम पहिल्यांदा स्मॅशमध्येच अनुभवला.

फुगेवाल्या पोराकडे जाण्याआधी आपल्याकडची एक गोष्ट. नव्वदच्या दशकात महाराष्ट्रात ज्यांच्या घरी टीव्हीला जोडायचा ‘व्हिडिओ गेम’ होता, त्यांच्यापैकी बहुतेकांकडे खऱ्या फॅमिकॉमची नक्कल होती आणि तिच्याबरोबर एका कॅसेटमध्ये कितीतरी गेम भरलेले असत. त्या यादीत ‘आइस क्लायंबर’, ‘बलून फाइट’, ‘क्लू क्लू लँड’, ‘एक्साइटबाइक’, ‘डक हंट’ हमखास. पुष्कळदा सुरुवातीच्या पडद्यावरून कंपनीचं नाव पुसलेलं असे. म्हणजे या मालिकांना जगभर ‘अपरिचित’ म्हणतात, पण आपल्या एका पिढीने त्या मनसोक्त खेळल्या आहेत. फक्त त्या कोणाच्या हे आपल्याला कुणी सांगितलं नाही. तुमच्या घरात पस्तिशी-चाळिशीतलं कुणी असेल, काका, मामा, आत्या, तर त्यांना स्मॅशमधले आइस क्लायंबर्स दाखवा. हातोडीवाली ती गुलाबी-निळी जोडी ते लगेच ओळखतील.

त्या जोडीची नावं पोपो आणि नाना. १९८५ च्या फॅमिकॉम गेममध्ये बत्तीस डोंगर, वरचं बर्फ हातोडीने फोडत चढायचं आणि शिखरावर गिधाडाच्या जातीच्या एका मोठ्या पक्ष्याने, काँडॉरने, पळवलेल्या भाज्या परत मिळवायच्या. दोघांनी खेळताना जो भराभर वर जाईल त्याच्याबरोबर पडदा वर सरकतो आणि मागे राहिलेला खालच्या कडेबरोबर गायब होतो. भावंडांमध्ये त्यावरून किती भांडणं झाली असतील! जोडीने चढायचं, पण जोडीदाराला मागे टाकायचा मोह कायम, हे त्या गेमचं मर्म. स्मॅशमध्ये ही दोघं मिळून एक फायटर आहेत. एकाला आपण चालवतो, दुसरं आपोआप मागे येतं. दोघं बरोबर असताना फटका दुप्पट, आणि साथीदार गेला की उरलेला अगदी दुबळा. पट्टीचे खेळाडू दोघांच्या हालचाली मुद्दाम एका क्षणाने पुढेमागे करून दोघांकडून वेगवेगळी कामं करून घेतात, त्याला ‘डीसिंक’ म्हणतात. २०१४ च्या भागात ही जोडी नव्हती, कारण निन्टेंडो ३डीएस या हातात धरायच्या यंत्राला त्यांचा भार पेलला नाही. दिग्दर्शक मासाहिरो साकुराई यांनी ते स्वतः सांगितलं. एका फायटरऐवजी अर्धं करून, म्हणजे एकट्या पोपोला ठेवून काम भागवता आलं असतं. तसं केलं नाही, हे मला फार पटतं. एकटा पोपो म्हणजे आइस क्लायंबर नव्हे.

फुगेवाला पोरगा हा ‘अ‍ॅनिमल क्रॉसिंग’मधला व्हिलेजर, पण फुगे त्याचे स्वतःचे नाहीत. ते ‘बलून फाइट’चे. वर उडताना तो हेल्मेट घालून दोन फुग्यांवर तरंगतो, आणि समोरचा ते फुगे फोडू शकतो. एक फुटला की उड्डाण लटकं, दोन्ही फुटले की खाली. मूळ गेमचा नियमही हाच. आणि ‘बलून फाइट’चा फॅमिकॉमसाठीचा प्रोग्रॅम लिहिला सातोरू इवाता यांनी, जे पुढे २००२ मध्ये निन्टेंडोचे अध्यक्ष झाले. त्या गेममधल्या तरंगण्याच्या गणिताबद्दल त्यांनी दिलेला सल्ला ‘सुपर मारिओ ब्रदर्स’च्या पाण्याखालच्या टप्प्यांना उपयोगी पडला. आणि स्मॅशचा पहिला कच्चा नमुना, ज्यात अजून मारिओ नव्हता की पिकाचू नव्हता, नुसते बिनचेहऱ्याचे पुतळे लढत होते, तो साकुराईंबरोबर बसून प्रोग्रॅम केला तोही इवातांनीच. त्यामुळे स्मॅशमध्ये फुगा फुटतो तेव्हा तो घरच्याच माणसाचा असतो.

‘डक हंट’बद्दल थोडक्यात, कारण कुत्रा आणि बदक तुम्ही ओळखलंच असणार. फक्त एवढं पाहा : त्यांच्या काही फटक्यांत गोळ्या कुत्रा झाडत नाही, त्या पडद्याच्या बाहेरून येतात. टीव्हीसमोर बंदूक धरून बसलेला खेळाडू तिथे अदृश्य रूपात हजर आहे. डबा उडवण्याची मूव्ह ‘होगन्स अ‍ॅली’तली आणि बंदूकधारी ‘वाइल्ड गनमन’मधले. बंदुकीने खेळायचे १९८४ चे तीन गेम एका फायटरमध्ये.

आतापर्यंतचे सगळे जुने होते. दुसरा गट जपानबाहेर न गेलेल्या किंवा विस्मरणात गेलेल्या मालिकांचा, आणि इथे स्मॅशने इतिहास घडवला आहे. आज ‘फायर एम्ब्लेम’ला कुणी अपरिचित म्हणणार नाही. पण २००१ मध्ये स्मॅशचा ‘मेली’ हा भाग आला तेव्हा १९९० पासून चालत आलेली ही डावपेचांची मालिका जपानबाहेर एकदाही निघालेली नव्हती. त्यात मार्थ आणि रॉय हे दोन तलवारबाज. अमेरिकी आवृत्तीतून त्यांना वगळायचा विचार झाला होता, पण ते राहिले आणि इंग्रजी आवृत्तीतही जपानीच बोलत राहिले. गंमत म्हणजे रॉयचा स्वतःचा गेम जपानमध्येही मार्च २००२ मध्ये आला, म्हणजे स्मॅशनंतर. लोक विचारू लागले, हे दोघे कोण? २००३ मध्ये या मालिकेचा पहिला इंग्रजी भाग निघाला. मार्थची तलवारही नियमासकट आली आहे : पात्याच्या टोकाने लागलेला वार जबर, मुठीजवळचा सौम्य. अंतर मोजून उभं राहायचं, घाईने जवळ जायचं नाही. चौकटी मोजत सैन्य हलवणाऱ्या मालिकेचा नायक असाच असायला हवा.

‘किड इकारस’चं तर पुनरुज्जीवनच झालं. १९८६ चा फॅमिकॉम गेम, १९९१ चा एक गेम बॉय या निन्टेंडोच्या हातात धरायच्या यंत्रावरचा भाग, आणि मग शांतता. २००८ च्या ‘ब्रॉल’साठी साकुराईंनी त्यातल्या नायकाला, पिटला, नवं रूप दिलं, आणि पुढे २०१२ मध्ये त्यांनीच ‘किड इकारस : अपरायझिंग’ केला. पाहुणा म्हणून आलेला स्वतःच्या घरी परत गेला, तो स्मॅशमुळे.

सगळ्यांच्या वाट्याला हे भाग्य आलं नाही. ‘पॅनेल द पोन’ घ्या. १९९५ चा सुपर फॅमिकॉमवरचा कोडी जुळवण्याचा अप्रतिम गेम, लिप नावाच्या फुलपरीचा. अमेरिकेत नेताना पऱ्या काढून त्याजागी योशी आणि मंडळी घातली, नाव ठेवलं ‘टेट्रिस अटॅक’. पुढे ‘मेली’मध्ये लिपची छडी आली, जिने मारलं की समोरच्याच्या डोक्यावर फूल उगवतं आणि ते हळूहळू त्याची ताकद शोषतं. पण लिपलाच ज्यांनी कधी पाहिलं नव्हतं, त्यांना ती छडी कुणाची हे कसं कळणार? ‘काएरु नो तामे नी काने वा नारु’चा साब्लेचा राजपुत्रही असाच. १९९२ चा हा गेम बॉयवरचा गेम जपानपुरताच राहिला. त्यात राजपुत्र बेडूक होतो, साप होतो, आणि असिस्ट ट्रॉफीतून आल्यावर लढता लढता तसाच रूपं बदलतो. लिंकचा ‘लिंक्स अवेकनिंग’ ज्यांना आवडला, त्यांना याची चव ओळखीची लागेल. दोन्हींच्या घडणीत जवळचं नातं आहे.

काही संदर्भ फक्त कानाला येतात. १९९२ चा ‘एक्स’ हा गेम बॉयवर रेषांच्या आकृत्यांतून त्रिमितीत उडायला लावणारा गेम, त्या छोट्या यंत्राकडून अशी अपेक्षाच कुणी केली नव्हती. त्यातला बोगद्याचा प्रसंग संगीत म्हणून स्मॅशमध्ये आहे. यादीत दिसला तर पूर्ण ऐका.

आता थोडं परखड. अल्टिमेटमध्ये ट्रॉफी, म्हणजे गोळा करायच्या पात्रांच्या मूर्ती, काढून ‘स्पिरिट’, म्हणजे पात्रांची गोळा करायची चित्रं, आणले, आणि हजाराहून अधिक आणले. त्यातली बरीच नुसती जुनी चित्रं आहेत. ‘मेली’च्या ट्रॉफीला त्रिमितीत फिरवून सगळीकडून बघता यायचं, खाली दोन ओळी माहिती आणि मूळ गेमचं नाव असायचं, वाचणाऱ्याला पुढचा रस्ता मिळायचा. स्पिरिटला तसं वर्णन नाही. काही स्पिरिटच्या लढती कल्पक आहेत, पण मूळ गेम ठाऊक असल्याशिवाय ती कल्पकता कळत नाही. संख्या वाढली आणि ओळख करून देणं कमी झालं, असं माझं स्पष्ट मत आहे. तुमच्यासारखा प्रश्न आज जास्त जणांना पडतो, त्याचं हेही एक कारण.

मग खेळायचं काय? निन्टेंडोचा स्विच आपल्याकडे बहुतेक बाहेरून आणलेलाच असतो, पण असेल आणि ऑनलाइन सदस्यत्व घेतलं असेल तर जुन्या गेमचा मोठा संग्रह त्यात मिळतो. ‘बलून फाइट’ घ्या, पण दोघांनी खेळा. ‘डेव्हिल वर्ल्ड’ २०२३ मध्ये अमेरिकी संग्रहातही आला. स्मॅशमधल्या सैतानाला भेटून मग तो खेळलात तर दोन मिनिटांत हात बसेल. त्याच वर्षी ‘जॉय मेक फाइट’ही आला. हा १९९३ चा फॅमिकॉमवरचा मारामारीचा गेम, ज्यातला सुकापोन अल्टिमेटमध्ये असिस्ट ट्रॉफी आहे. फॅमिकॉमला मोठी, हलती पात्रं झेपत नसत, म्हणून या यंत्रमानवांना दंड-मांड्या दिल्याच नाहीत. डोकं, धड, हात-पाय सुटे तरंगतात. माझ्या धंद्यातल्या कुणीही तो एकदा तरी खेळावाच. आणि ‘पॅनेल द पोन’ चुकवू नका. पाट्या जपानी आहेत, पण ठोकळे शेजारी-शेजारी अदलाबदल करायचे आणि एका रंगाचे तीन जुळवायचे, एवढंच कळलं की भाषेवाचून काही अडत नाही.